रोजचे पाच रुपये की रोजचे अकरा?

[दृश्य: सीताबर्डी, संध्याकाळची गर्दी. मोबाइलच्या दुकानांच्या पाट्या.]

6 ऑक्टोबर 2022. एअरटेलने देशातल्या पहिल्या आठ शहरांत फाइव्ह-जी सुरू केलं. दिल्ली, मुंबई, चेन्नई, बेंगळुरूच्या पंगतीत आपलं नागपूरही होतं. इतर कित्येक मोठ्या शहरांच्या आधी आपला नंबर लागला, याचं बर्डीवर कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं.

पण फोन नवा असो की जुना, खिशातून पैसे रिचार्जसाठीच जातात. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एका पाठोपाठ दर वाढवले. जिओचा 28 दिवसांचा 239 रुपयांचा पॅक 299 चा झाला. घरात चार फोन असतील तर हा खर्च आता किराण्याच्या यादीत धरावा लागतो. दरवाढ आपल्या हातात नाही, पण कोणता पॅक मारायचा हे मात्र पूर्णपणे आपल्याच हातात आहे. ही फिल्म त्याबद्दल आहे.

सुरुवात 28 दिवसांपासून करू, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे.

आपण बोलताना 'महिन्याचा रिचार्ज' म्हणतो. पगार महिन्याला, घरभाडं महिन्याला, दुधाचा हिशेब महिन्याला. रिचार्ज मात्र 28 दिवसांनी संपतो, म्हणून वर्षाला बारा नव्हे तर तेरा वेळा पैसे भरावे लागतात. 299 चे तेरा म्हणजे 3,887 रुपये. याबद्दल ग्राहकांच्या तक्रारी झाल्यावर ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, जानेवारी 2022 मध्ये आदेश काढला: प्रत्येक कंपनीने किमान एक पॅक पूर्ण 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने भरता येईल असा ठेवलाच पाहिजे. हे पॅक आहेत. पण ते शोधावे लागतात.

म्हणून पॅकची किंमत आधी पाहूच नका. किंमतीला दिवसांनी भागा. 299 भागिले 28 म्हणजे रोजचे जवळपास पावणेअकरा रुपये. या एका भागाकाराने अर्ध्या जाहिराती गळून पडतात.

[दृश्य: सक्करदरा, बुधवारी बाजार. भाजीच्या गाड्यांमागे रिचार्जचं छोटं दुकान.]

या दुकानाच्या काउंटरवर काचेखाली रंगीत कागद चिकटवलेले आहेत. पॅकचे आकडे स्केच पेनने लिहिलेत, जुने खोडून वर नवे. एक मावशी येतात. हातात बटणांचा फोन, त्यावर रबर बँड गुंडाळलेला. मेथी-पालक विकतात, गाडी बाजूलाच आहे.

"भाऊ, फोन बंद पडला. मारून दे."

"कोन्ता मारू मावशी?"

"जो होता तोच मार ना. महिन्याचा."

दुकानदार 299 चा आकडा टाकतो. अंगठा बटणावर जाण्याआधी तो थांबतो, कारण समोर कॅमेरा आहे आणि आम्हीच विचारलं आहे की मावशींना नेट लागतं का.

"मले काय कराचं नेट?" मावशी म्हणतात. "पोराचा फोन येते, अन् मंडीतला. उचलाचा अन् ठेवाचा."

रोज दीड जीबी डेटा. 28 दिवसांचे 42 जीबी. मावशी तो वापरतच नाहीत. पैसे मात्र त्याचेही जातात, दर वेळी, तेरा वेळा. यात दुकानदाराची लबाडी नाही. 'तोच मार' म्हटल्यावर तो तोच मारतो, रांगेत मागे पाच जण उभे असतात.

अशा लाखो फोनधारकांसाठी ट्रायने 23 डिसेंबर 2024 ला नियम बदलला. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक झालं. असे पॅक ज्या 'स्पेशल टॅरिफ व्हाउचर' प्रकारात मोडतात, त्याची मुदत पूर्वी 90 दिवसांच्या पुढे जात नसे, ती 365 दिवसांपर्यंत नेता येईल असंही ठरलं. महिनाभरात पॅक बाजारात आले. जिओने 448 रुपयांत 84 दिवस आणि 1,748 रुपयांत 336 दिवस दिले. एअरटेलने 469 रुपयांत 84 दिवस आणि 1,849 रुपयांत पूर्ण 365 दिवस. हे भाव जानेवारी 2025 चे आहेत, भरण्याआधी आजचा भाव पाहून घ्या.

आता तोच भागाकार. 1,748 हा आकडा 1,849 पेक्षा लहान दिसतो. पण 336 दिवस म्हणजे वर्ष नव्हे, ते 28 चे बारा आहेत. रोजचे पडतात पाच रुपये वीस पैसे. 1,849 वाला रोजचा पडतो पाच रुपये सात पैसे. जो पॅक स्वस्त दिसतो तोच किंचित महाग आहे. फरक छोटा आहे, त्यासाठी कंपनी बदलायची गरज नाही. मोठा फरक दुसरीकडे आहे: 3,887 आणि 1,849 मधला. वर्षाचे दोन हजारांवर रुपये, एका भाजीवाल्या बाईच्या फोनवर.

मावशींपाशी एकदम 1,849 नव्हते. बाजारात बसणाऱ्या माणसाकडे ते क्वचितच असतात, आणि स्वस्त वर्षाचा पॅक त्यांनाच परवडत नाही ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज आहे. ही गोष्ट मला खटकते. त्यांनी 84 दिवसांचा भरला. तोही रोजचा साडेपाच रुपयांच्या आसपास पडतो.

असे पॅक ॲपमध्ये पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत. वर झळकतात ते ओटीटीवाले, रोज दोन-तीन जीबीवाले. खाली खाली जात राहावं लागतं. मुलांनो, आई-आजीचा रिचार्ज तुम्ही करत असाल तर तेवढं खाली जा.

[दृश्य: नंदनवन. मुलाची खोली, भिंतीवर वेळापत्रक.]

आता डेटा खरंच वापरणाऱ्यांकडे येऊ.

फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' नावाचं पान असतं. त्यात मागच्या महिन्यात मोबाइल डेटा किती गेला आणि वाय-फाय किती, हे वेगवेगळं दिसतं. समजा मोबाइल डेटा 9 जीबी निघाला आणि पॅक रोज दीड जीबीचा आहे. म्हणजे 42 पैकी 33 जीबी रोज रात्री बाराला थोडे थोडे मिटून गेले. रोजच्या कोट्यातलं उरलेलं दुसऱ्या दिवशी मिळत नाही. अशा माणसाने रोजची मर्यादा नसलेला, पूर्ण मुदतीसाठी ठरावीक जीबी देणारा पॅक पाहावा. घरी वाय-फाय असेल तर त्यात भागू शकतं.

उलट बाजूही आहे. जुलै 2024 पासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद फाइव्ह-जी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या पॅकपुरतंच ठेवलं. दिवसभर नकाशा चालू ठेवून वाडी ते पारडी धावणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोराला, फोन फाइव्ह-जीचा असेल, तर हा पॅक महाग नाही. पण फोन फोर-जीचा असेल तर ती सोय त्याच्या कामाची नाही. आपला फोन कोणता, हे आधी बघायचं, मग पॅक.

पोस्टपेडवाल्यांसाठी एवढंच: जाहिरातीतल्या आकड्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. 449 चं बिल 530 च्या घरात जातं. प्रीपेडच्या किमतीत कर धरलेला असतो. दोघांची तुलना करताना हे विसरलं की हिशेब चुकतो.

बाकी गळती बारीक आहे. पेमेंट ॲपवर रिचार्ज करताना वरचे दोन-तीन रुपये 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून जातात, कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर ते सहसा लागत नाहीत. कॉलर ट्यून, क्रिकेट अलर्ट असं काही न मागता सुरू झालं असेल तर 155223 वर फोन करून बंद करता येतं. दुसरं सिम फक्त नंबर टिकवायला ठेवलं असेल तर नियम लक्षात ठेवा: प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही, तरच तो बंद करता येतो, आणि खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर तेवढ्यासाठी बंद करता येत नाही. पण बँकेचा ओटीपी येणारा नंबर या भरवशावर सोडू नका. नंबर टिकणं वेगळं, सेवा चालू राहणं वेगळं.

[दृश्य: मेट्रोतून दिसणारी बर्डी, मग बुटीबोरीचे कारखाने.]

आणि शेवटी कंपनी बदलण्याबद्दल. अजूनही खूप लोकांना वाटतं की नंबर जाईल. तो जात नाही. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 3 जुलै 2015 पासून दुसऱ्या राज्यातही. छिंदवाडा, बालाघाटहून इथे कामाला आलेल्या माणसाला मध्य प्रदेशातला नंबर सोडावा लागत नाही.

पोर्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि 1900 वर एसएमएस पाठवायचा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा संदेश जाऊ दिलाच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर 2021 चा आदेश आहे. उत्तरात एक कोड येतो, त्याची मुदत आपल्याकडे चार दिवस. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सध्याच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. आपल्याच सर्कलमध्ये, म्हणजे कंपन्यांनी पाडलेल्या एकाच विभागात, तीन कामाच्या दिवसांत नंबर नव्या सिमवर येतो.

दोन गोष्टी मात्र आधी पाहा. जुना रिचार्ज आणि शिल्लक नव्या कंपनीकडे येत नाही, म्हणून पॅक संपत आल्यावरच पोर्ट करा. आणि रेंज. कंपन्यांना आता कव्हरेजचा नकाशा संकेतस्थळावर ठेवावा लागतो, पण तो रस्त्यावरचं सांगतो. बुटीबोरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा महालातल्या जुन्या वाड्याच्या मधल्या खोलीत काय होतं, ते त्यावरून कळत नाही. तिथे काम करणाऱ्या, तिथे राहणाऱ्या माणसाचा त्या कंपनीचा फोन हातात घ्या, आपण जिथे रोज बसतो तिथे उभं राहा, आणि एक फोन लावून पाहा.