कापसाच्या खोलीतलं ऑफिस

ही खोली बघा. यवतमाळ जिल्ह्यात दिग्रस तालुक्यातलं गाव, सकाळचे साडेनऊ, अन् खोलीत छातीएवढा कापूस भरलाय, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. ढिगाला लागून प्लास्टिकची खुर्ची, शिलाई मशीनवर लॅपटॉप, अन् समोर पुण्याच्या आयटी कंपनीतला पोट्टा, वरून इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा. तिकडच्यांना वाटतं ह्यानं भारी माइक घेतला, आवाज एवढा क्लिअर कसा, पण ती सगळी कापसाची करामत, कापूस आवाज खातो ना. अंगाला खाज सुटते तेवढं सोडलं तर ऑफिस बेस्ट आहे.

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊनच्या आधी दोन ड्रेस घेऊन आला होता, आता महिन्यातला एक आठवडा पुणे, बाकी इथूनच. शेजारच्या काकू अजूनही ह्याच्या आईला हळूच विचारतात, "काहून वं, पोट्ट्याची नोकरी गेली काय?"

घरून काम केलं तर काम वाढतं का, ह्यावर शांघायला एक गाजलेला प्रयोग झालाय. स्टॅनफोर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम अन् त्यांचे सहकारी, सीट्रिप नावाची ट्रॅव्हल कंपनी, कॉल सेंटरची माणसं, 9 महिने. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. हे सगळे सांगतात. पण घरी बसायला मिळण्याची एक अट होती, घरात स्वतःची वेगळी खोली पाहिजे, ती कोणी सांगत नाही. अन् प्रयोग संपल्यावर त्यातले जवळपास निम्मे एकटं वाटतं म्हणून परत ऑफिसात गेले, हेही कोणी सांगत नाही.

चेन्नईत डेटा एन्ट्रीवाल्यांवर तसाच प्रयोग केला तर उलटंच निघालं, घरी बसणाऱ्यांचं काम 18 टक्क्यांनी कमी. अन् ज्यांना घरूनच काम पाहिजे होतं त्यांचं तर अजूनच मंदावलं. मला ह्यात नवल वाटत नाही. घर ज्याला लागतं त्याच्या मागे घरचं लचांडही असतं.

ह्याचंच बघा ना. घरी आहे म्हणजे मोकळा आहे, असं अख्ख्या गावानं ठरवलंय. ई-पीक पाहणीचं ॲप ह्यालाच जमतं, सातबारा ह्यानंच काढून द्यायचा, आजीची केवायसी, कोणाचा पीकविम्याचा फॉर्म. हा कॉलवर असतो अन् दारात कोणीतरी मोबाईल घेऊन उभं, "बाबू, ओटीपी आला पाय ना जरा." मग दुपारचं राहिलेलं काम रात्री अकरा-साडेअकराला संपतं. कंपनीच्या लेखी हा दिवसभर ऑनलाईन, म्हणजे खूश असेल.

तरी पुण्याला कायमचं ये म्हटलं तर नाहीच म्हणतो. का, ते आम्ही रात्री कॅमेरा घेऊन ह्याच्यासोबत गेलो तेव्हा कळलं. शेतातल्या पंपाची थ्री फेज लाईट रात्रीची होती, एक वाजता बाबा हरभऱ्याच्या ओलिताला निघाले अन् हा टॉर्च घेऊन मागे. थंडी अशी की आमच्या कॅमेऱ्यावर धुकं बसत होतं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून म्हणाला, "पुण्यात होतो तवा बाबा एकटे निघाले की मले झोप नाही ये, डुकरं हायेत, साप हायेत. आता बी झोप होत नाही, पण जीवाले घोर नाही."

ह्याच ब्लूमचा 2024 मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्याच कंपनीतला, आता तिचं नाव ट्रिप डॉट कॉम. 1,612 माणसं, आठवड्यातले दोन दिवस घरून. कामात काही फरक पडला नाही, पण सोडून जाणारे एक तृतीयांशानं घटले. धुऱ्यावरचा हा पोट्टा बघितला तर त्यात कोड्यासारखं काही नाही.

जानेवारीत आम्ही परत गेलो तेव्हा गाडी येऊन कापूस घेऊन गेली होती. खोली रिकामी, भिंती उघड्या. पहिल्याच मीटिंगला पलीकडून आवाज आला, "अरे, आवाज घुमतोय तुझा, बाथरूममध्ये बसलायस का?"