सांध्यावरचा शिक्का

नमस्कार, श्रोतेहो. पेशवे दफ्तरातली मोडी पत्रं पाहिलीत ना? कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवलेले, सांध्यावर मागून शिक्का, मजकूर संपला तिथं मोर्तब. मधला तुकडा बदलला तर शिक्का जुळायचा नाही.

सरकारी खर्चाची डिजिटल खातेवही करायची, तर तिचा गाभा हाच. प्रत्येक नोंदीवर गणित करून 64 अक्षरांचा ठसा काढतात, पद्धतीचं नाव एसएचए-256. नोंद बदलली की ठसाही बदलतो. तो ठसा पुढच्या नोंदीत घालतात. मागं जाऊन 41 हजारांचे 47 हजार केले, की तिथून पुढचा एकही सांधा जुळत नाही. मात्र ताजा ठसा रोज सरकारी खात्याबाहेरच्या कुणाच्या तरी हाती हवा. सगळ्या प्रती एकाच सर्व्हरवर असतील, तर अख्खी वहीच सांध्यांसकट नव्यानं लिहिता येते.

गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर, म्हणजे अशाच ठशांनी सांधलेल्या वहीत, नोंदवले गेले. पण दाखला एकदा दिला की संपलं. रस्त्याचं बिल तसं नसतं.

समजा, गल्लीत 100 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 20 सेंटिमीटर जाड काँक्रीट दाखवलं. झालं 80 घनमीटर. पडलं 15 सेंटिमीटरच, म्हणजे 60. वरून रस्ता तोच दिसतो! मोजमाप पुस्तिकेत, एमबीत, 80 लिहिलं की वही ते 80 इमानेइतबारे जपणार. खरी जाडी कोअर, म्हणजे काँक्रीट आरपार कापून घेतलेला गोल नमुना, काढल्यावरच कळते. म्हणून कोअर कुठं काढला, कधी, किती लांबीचा निघाला, हेही नोंदीत हवं. चूक झाली तर खाडाखोड नाही. रोजकीर्दीत करतात तशी उलट नोंद.

आणखी एक. वर्क ऑर्डर, एमबी आणि बिल, तिन्हींवर कामाचा क्रमांक एकच हवा. नाहीतर जुळवाजुळवीतच दम निघतो. ठेकेदाराचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं, तेव्हा नावानं शोधूच नका. जीएसटी क्रमांक 15 अक्षरी असतो, त्यातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे पॅन. त्यावरून शोधा.

अशी वही येईल तेव्हा येईल. तोवर 2018 च्या शासन परिपत्रकाचा आधार आहे: सोमवारी दुपारी 3 ते 5 महापालिकेतल्या फायली पाहता येतात. एमबीचं पान मागा. लांबी-रुंदी तुम्हीही टेपनं मोजू शकता. जाडीसाठी कोअरचा अहवाल त्याच फायलीत लावलाय का, ते आधी बघा.