वीस मिनिटांचा युरोप

(कोल्हापुरातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत स्लाइड दाखवत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पहिली स्लाइड बघून हसू नका. डावीकडं मी, उजवीकडं आमच्या सौ. आणि मधे आयफेल टॉवर. टॉवर ३३० मीटर उंच आहे, पण इथं तो माझ्या कानाला लागलाय. याच जातीचे दोन हजारांवर फोटो मी पहिल्या युरोप दौऱ्यातून आणले. १४ दिवस, ८ देश, एक बस. प्रत्येक थांब्याला टूर मॅनेजर माइकवर एकच मंत्र म्हणायचा, "वीस मिनिटं! आधी टॉयलेट, मग फोटो, मग बस." आम्ही शिस्तीची माणसं. त्याच क्रमानं युरोप बघितला.

घरी आल्यावर येईल त्या पाहुण्याला टीव्हीवर फोटो दाखवायचा सपाटा लावला. साधारण चाळिसाव्या फोटोला पाहुणा कप खाली ठेवून "बराय, निघतो" म्हणायचा. एकदा मेव्हण्यानं विचारलं, "भावोजी, हे गाव कुठलं?" मला सांगता येईना. चर्च होतं, चौक होता, कारंजं होतं, आम्ही दोघं होतो. ब्रुसेल्स असेल, नाहीतर इन्सब्रुक. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला मी. पोरानं असं उत्तर दिलं असतं तर बाकावर उभा केला असता.

त्या चिडीतून मी फोटोग्राफीबद्दल वाचायला लागलो आणि पहिल्याच धड्याला अडलो. स्लाइड पुढं घ्या. हा काळपट डाग दिसतोय, तो निसर्गातल्या दृश्याचा टिकून राहिलेला सर्वांत जुना फोटो. फ्रान्समध्ये बर्गंडी भागात सें-लू-द-व्हारेन नावाचं खेडं आहे. तिथं निसेफोर निएप्स या गृहस्थानं १८२६-२७ च्या सुमारास कथिलाच्या मिश्रधातूचा पत्रा घेतला, त्याला डांबराचा पातळ लेप दिला, तो कॅमेऱ्यात बसवला आणि कॅमेरा माडीच्या खिडकीत ठेवला. ऊन लागलं तिथलं डांबर कडक झालं, बाकीचं धुऊन निघालं. याला लागले किमान आठ तास. काहींच्या मते कित्येक दिवस. आता नीट बघा, डावीकडच्या भिंतीवर ऊन आहे आणि उजवीकडच्या भिंतीवरही ऊन आहे. असं कुठल्याही एका क्षणी दिसणं शक्य नाही. सूर्य एकीकडून दुसरीकडं जाईपर्यंत पत्रा बघत बसला होता. त्या फोटोत क्षण नाही, अख्खा दिवस आहे. आणि आम्ही? टॉयलेट धरून वीस मिनिटं.

लगेच दुसरा. पॅरिस, १८३८. लुई दागेरनं खिडकीतून टिपलेला बुलेव्हार द्यू ताँप्ल हा रस्ता. भर दिवसाची वेळ, गजबजलेला भाग, तरी रस्ता ओस दिसतोय. कारण प्लेटवर प्रकाश पडायला काही मिनिटं लागायची आणि तेवढ्या वेळात चालती माणसं, घोडागाड्या सगळं पुसलं जायचं. फक्त इथं कोपऱ्यात बघा. एक माणूस एक पाय वर ठेवून उभा आहे, बूट पॉलिश करून घेतोय. तो थांबला म्हणून उरला. फोटोत आलेल्या पहिल्या माणसांपैकी तो एक, आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. फोटोसाठी उभा राहिला नव्हता बिचारा, बुटासाठी राहिला होता. मला हा फोटो फार आवडतो.

दुसऱ्या वेळी ठरवलं, बस नको. मुलगा आणि सून जर्मनीत न्यूर्नबर्गला नोकरीला आहेत. त्यांच्याकडं नोव्हेंबर ते जानेवारी राहिलो. सगळे म्हणाले, थंडीत कशाला मरायला जाताय? खरं कारण तिकीट स्वस्त होतं हे. पण माझ्या आयुष्यातला प्रकाशाचा सर्वांत मोठा धडा मला तिथं मिळाला, त्यामुळं पाच मिनिटं जुन्या मास्तरला फळ्यापाशी जाऊ द्या.

कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशांवर. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली लपते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तेच, पण तेव्हा पावसात कुणाच्या लक्षात येत नाही. अगदी डिसेंबरातसुद्धा दुपारी सूर्य ५० अंश वर असतो. म्हणजे आपला डोळा वरून पडणाऱ्या उन्हावर पोसलेला. टोपीखाली डोळे काळे, नाकाखाली मिशीसारखी सावली. आपल्या लग्नाच्या अल्बमात सगळे वऱ्हाडी रागावलेले दिसतात ते उगाच नाही.

न्यूर्नबर्गहून आम्ही चेक देशातल्या प्रागला गेलो. प्राग ५० अंशांवर. डिसेंबरात भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश चढतो. आपल्याकडं हिवाळ्यात सकाळी सव्वाआठला जेवढा वर आलेला असतो, तेवढाच तो तिथं बाराला. मी साडेपाच फूट, आणि दुपारी बारा वाजता माझी सावली मोजली तर अठरा फूट भरली. पावलांनी मोजली हो, सून लांब उभी राहिली होती. आठ वाजता उजाडतं, चारला मावळतं. सूर्योदय गाठायला पहाटे उठायचीसुद्धा गरज नाही. आणि ते आठ तास प्रकाश आडवा येतो. भिंतीच्या प्रत्येक चिऱ्याला स्वतःची सावली, फरसबंदीचा एकेक दगड वेगळा. चार्ल्स पुलावर तीस पुतळे आहेत. उन्हाळ्यात बसनं आलो होतो तेव्हा ते मला एकसारखे काळे दिसले होते. हिवाळ्यात कुणाच्या झग्याच्या चुण्या मोजता येत होत्या.

अर्थात हे ऊन असेल तर. मी प्रागमध्ये नऊ दिवस होतो, सूर्य दोन दिवस दिसला. बाकीचे सात दिवस आकाश म्हणजे जर्मनच्या पातेल्याचं झाकण. पहिले तीन दिवस मी कुरकुरलो. मग एका छोट्या प्रदर्शनात जोसेफ सुडेकचे फोटो बघितले आणि तोंड बंद झालं.

सुडेक प्रागचा. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला. धंदा बुकबाइंडिंगचा, तो एका हातानं कसा करणार? म्हणून फोटोग्राफीकडं वळला आणि तीही पेटीएवढ्या लाकडी कॅमेऱ्यानं. तिवईसकट ते धूड एका हाताच्या माणसानं प्रागभर वाहिलं. पुढं दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजा शहरात होत्या तेव्हा रस्त्यावर कॅमेरा काढणं धोक्याचं झालं, तर त्यानं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढायला घेतले. काचेवरचं दव, पलीकडचं वाकडं झाड, कधी बर्फ. १९४० ते ५४ अशी चौदा वर्षं एक खिडकी! मी हिशेब करत होतो, आमच्या टूर मॅनेजरच्या मापानं चौदा वर्षांत किती युरोप बसले असते. त्यानंतर त्या राखाडी आकाशाबद्दल मी तक्रार केली नाही. ढगातून येणारा तो सपाट उजेड म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांना फार मानवतो.

चेहऱ्यांवरून आठवलं. न्यूर्नबर्गला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आठवडी बाजार भरायचा. बटाटे, कोबी, मध, चीज. एक बाई तराजूत कोबी ठेवून काट्याकडं असं बघत होती की आपल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातलीच वाटावी. मी फोन काढला आणि टिपली. ती गल्ल्यामागून बाहेर आली. ओरडली नाही, नुसतं बोटानं दाखवलं: काढून टाक. टाकला. मग म्हणाली, "नुकतेच हटवलेले" तेपण उघड. उघडलं. तिथूनही काढायला लावलं, आणि मग शांतपणे माझे दोन किलो बटाटे मोजून दिले. सुट्टे पैसेसुद्धा परत दिले.

मला राग आला होता, लपवत नाही. आपल्याकडं आजीबाईला कॅमेरा दाखवला तर ती पदर सारखा करून विचारते, "पेपरात येणार का?" मुलानं घरी समजावलं. जर्मनीत माणसाच्या चेहऱ्यावर त्याचा स्वतःचा हक्क असतो, आणि तो कायदा १९०७ चा आहे. त्याच्यामागची गोष्ट ऐका. १८९८ च्या जुलैत जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला. हँबुर्गजवळच्या त्याच्या घरात दोन फोटोग्राफर आतल्या माणसाला पैसे चारून रात्री खिडकीतून शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून पळाले. पकडले गेले, तुरुंगातही गेले. पण कोर्टापुढं पेच पडला. घरात घुसण्याबद्दल शिक्षा देता येत होती, पण माणसाच्या चित्रावर माणसाचा हक्क असतो असं सांगणारं कलमच नव्हतं. नऊ वर्षांनी ते आलं. म्हणजे बिस्मार्कच्या मरणामुळं माझ्या कोबीवालीचा फोटो गेला. आता तुम्हाला तिचं वर्णन ऐकवतोय, ते काढून टाकायला मात्र तिला सांगता आलं नाही.

बाकी युरोपात फोटोची बंदी कुठं कशासाठी असेल याचा नेम नाही. व्हॅटिकनमध्ये सिस्टीन चॅपेलला शेकडो माणसं छतावरच्या चित्रांकडं माना वर करून उभी, आणि रखवालदार दर दोन मिनिटांनी "नो फोटो!" करतो. मला वाटायचं, फ्लॅशनं रंग खराब होतात म्हणून. पण बंदीचं मूळ निराळं निघालं. १९८० च्या दशकात छत साफ करायचा खर्च एका जपानी टीव्ही कंपनीनं उचलला होता, आणि बदल्यात चित्रणाचे हक्क घेतले होते. ते हक्क कधीच संपले, रखवालदार मात्र ओरडतोच आहे. आयफेल टॉवरचं उलट. दिवसा तो सगळ्यांचा. रात्रीची रोषणाई मात्र स्वतंत्र कलाकृती धरतात, तिचा फोटो धंद्यासाठी वापरायचा तर परवानगी लागते. घरच्या अल्बमात लावा खुशाल.

ऑस्ट्रियातल्या हालश्टाटबद्दल थोडं अवघडून बोलतो, कारण तिथं मीही गुन्हेगार आहे. तळं, डोंगर, उतरत्या छपरांची घरं, तुम्ही कॅलेंडरवर बघितलंच असेल. वस्ती आठशेच्या आत. चीनमध्ये या गावाची हुबेहूब नक्कल बांधली आहे, इतकं ते फोटोत शोभतं. २०२३ साली गावकऱ्यांनी फोटोच्या ठरलेल्या जागेसमोर लाकडी फळ्यांचं कुंपण घातलं. बोंबाबोंब झाली, काढावं लागलं. आम्ही गेलो तेव्हा त्या जागेवर रांग होती. मीही लागलो, काढला, हा बघा. सुंदर आहे की नाही? असे लाखो असतील. फोटो काढून वळलो तर मागच्या घराच्या खिडकीत एक माणूस चहा का कॉफी पीत आमच्या रांगेकडं बघत होता. त्याचा फोटो काढायला हवा होता. कोबीवालीच्या भीतीनं नाही काढला.

आता शेवटचं गाव, आणि हे तुमच्या-माझ्या घरचं आहे.

फ्लॉरेन्सला बसवाले मायकेलअँजेलोच्या नावाच्या टेकडीवरच्या चौकात नेतात, तिथून शहर दिसतं, वीस मिनिटं. आम्ही यावेळी उलट्या दिशेला, आर्नो नदीच्या काठाकाठानं कॅशिने बागेतून चालत निघालो. बाग तीन-साडेतीन किलोमीटर लांब. शेवटाला मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो, आणि त्या संगमावर एक छत्री उभी आहे. आपल्या पद्धतीची, घुमटी आणि खांबांची छत्री, इटलीत! खाली अर्धपुतळा. आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

इथं बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी सांगतो. महाराज इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय विशीचं. तिथल्या लोकांनी दहन कधी बघितलेलं नव्हतं, पण परवानगी मिळाली आणि दोन पाण्यांच्या संगमावर चिता रचली. प्रवासात ते रोजनिशी ठेवत, ती पुढं १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. छत्री १८७४ ची. तिचा आराखडा मेजर मँट या इंग्रज वास्तुकारानं केला, आणि याच मँटनं नंतर आपल्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. शेजारच्या मोठ्या पुलालाही फ्लॉरेन्सकर "इंडियानो" म्हणतात, म्हणजे भारतीयाचा पूल. रोज हजारो गाड्या जातात त्यावरून.

आम्ही पोचलो एक वाजता. पहिला फोटो हा. फसलाय. मागचं आकाश लख्ख आणि छत्रीखाली काळोख, महाराजांचा चेहरा दिसतच नाही. मी फ्लॅश काढला, तर सौ. म्हणाल्या, "तोंडावर बॅटरी मारू नका त्यांच्या." मग काय करणार? बाकावर बसलो. सुनेनं दिलेले पराठे खाल्ले. एक म्हातारा कुत्रं फिरवत आला, पुतळ्याकडं आणि आमच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "इंडियानो?" सौ. म्हणाल्या, "कोल्हापूर!" तो खूश होऊन "सी, सी" म्हणत गेला. त्याला काय कळलं देव जाणे.

बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली. छत्री हा आकार आपल्या उन्हासाठी झालेला. आपला सूर्य वर, म्हणून खाली बसलेल्याला कायम सावली. पण डिसेंबरात फ्लॉरेन्सचा सूर्य दुपारी २३ अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि तिथून उतरणीला लागतो. तो घुमटावर थांबणार नाही, खांबांच्या मधून आत शिरणार. आपण फक्त थांबायचं. सौं.ना सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं, शाल गुंडाळली आणि म्हणाल्या, "थांबू की. बस कुठाय आपली?"

पावणेदोन तास बसलो. ही त्या दिवसाची शेवटची स्लाइड, जरा मागचे दिवे बंद करा. वेळ दुपारी पावणेतीन. डाव्या गालावर बघा, ऊन आलंय.