‘परत एकदा उतर ना’ म्हणायच्या आधी

डॉक्युमेंट्रीवर बोला म्हटलं की लोकांना वाटतं हा आता कॅमेरे, फंडिंग आणि फेस्टिव्हल यावर बोलणार. त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मला बोलायचंय ते ज्यांच्यावर आपण फिल्म करतो त्यांचा त्या फिल्मवर किती हक्क असतो याबद्दल, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, आपण धरून चालतो त्यापेक्षा बराच जास्त असतो.

समजा ड्रेनेज साफ करणाऱ्यांवर फिल्म चाललीय. माणूस चेंबरमधून वर आला, अंगभर घाण, आणि कॅमेरामन म्हणतो भाऊ फोकस गेला, परत एकदा उतर ना. आता हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा काय सांगतो, सुरक्षेची साधनं न देता कोणालाही गटारात उतरवणं हा गुन्हा, पहिल्यांदा सापडलात तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग त्या दुसऱ्या वेळी त्याला उतरवलं कोणी? ठेकेदारानं तर नाही ना! आणि आपण फिल्म करतोय कशावर, तर ठेकेदारावर.

बरं, फिल्म झाली, त्यात चेहरा स्पष्ट दिसतोय. माणूस ठेक्यावरचा, हातात ना ऑर्डर ना पगाराची पावती, साहेबानं क्लिप बघितली की ‘उद्यापासून येऊ नको’, संपला विषय. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं, २०२३ ला ते ३० लाख केले, पण फिल्ममुळे जिवंत माणसाचं काम गेलं तर ते कोण भरून देणार? आणि आपल्याकडे असतो काय तर रिलीज फॉर्म, म्हणजे ‘मला फिल्ममधे दाखवायला हरकत नाही’ असा संमतीचा कागद, तोही इंग्रजीत, खाली अंगठा. शिवाय वस्तीतल्या ओळखीच्या कार्यकर्त्याला बरोबर घेऊन गेलेलो असतो, त्याच्यासमोर कोण नाही म्हणेल हो? म्हणून शूटिंगच्या आधी विचारा, झाल्यावर विचारा, आणि एडिट करून कट तयार झाला की तो दाखवून परत विचारा, कारण आपण काय बोललो हे माणसाला पडद्यावर बघितल्यावरच नीट कळतं. तेव्हा तो म्हणाला हे काढा, तर काढायचं. मग एडिटर चिडतो, चिडू दे.

यावर लगेच प्रश्न येतो की मग डायरेक्टरचं स्वातंत्र्य कुठं गेलं. प्रश्न खोटा नाहीये. बुंदेलखंडातल्या ‘खबर लहरिया’चं बघा. २००२ पासून चाललेलं बायकांचं वृत्तपत्र, बहुतेक पत्रकार दलित आणि ग्रामीण, पुढे मोबाइल घेऊन डिजिटल झालं. त्यांच्यावरची ‘रायटिंग विथ फायर’ २०२२ ला ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली, देशभर कौतुक, आणि सोहळ्याच्या तोंडावर या बायकांनीच निवेदन काढलं की आमचं काम एकाच पक्षाच्या बातम्यांभोवती फिरतं असं यात दिसतं, ते अपुरं आहे. दिग्दर्शकांचं म्हणणं होतं की फिल्म हा आमचा दृष्टिकोन आहे. दोघांचंही म्हणणं समजतं, पण बाजू घ्यायचीच तर मी बायकांची घेईन, कारण फेस्टिव्हल झाल्यावर डायरेक्टर पुढच्या फिल्मला लागतो आणि यांना दुसऱ्या दिवशी त्याच जिल्ह्यात, त्याच पोलीस स्टेशनात, त्याच पुढाऱ्यांकडे बातमीसाठी जायचं असतं.

दुसरा रस्ता म्हणजे कॅमेराच त्यांच्या हातात. हे काही मोबाइल आल्यावर सुचलेलं नाही! अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेनं १९८४ ला भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायकांना व्हिडिओ शिकवला, त्यातल्या कित्येकींना लिहिता वाचता येत नव्हतं. तेलंगणात पस्तापूरला दलित शेतकरी बायकांचा फिल्म करणारा गट आहे, त्यांनी वरंगळच्या बीटी कापसावर फिल्म केली, आणि कापसाचा पूर्ण हंगाम शेतकऱ्यांकडे परत परत जाऊन केली. बाहेरचा क्रू एवढा थांबत नाही, त्याचं बजेट आधी संपतं.

पण कॅमेरा कोणाच्या हातात आहे एवढ्यावरही भागत नाही, शूट केलेलं पुढे कोण काय म्हणून दाखवतो तेही बघावं लागतं. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर, बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात १० जण गेले. पोलिसांचं म्हणणं, जमाव टँकर पेटवायला निघाला होता, आणि त्यासाठी जळत्या टँकरचा व्हिडिओ पुढे केला गेला. आता टँकर कुठं होता आणि गोळ्या कुठं चालल्या, आधी काय झालं नंतर काय, हे एका कटमधे लपवता येतं आणि एका कटमधे उघडं पाडता येतं. पुढे चौकशी आयोगानं गोळीबार करणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरलं.

म्हणून तरुण पोरांना माझं एकच टुमणं असतं, कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट मारून फुटेज पुसू नका. फिल्म म्हणजे कापून जोडलेला माल, समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. मूळ फुटेज ठेवा, कुठल्या कॅमेऱ्यावर, कधी, कोणी घेतलं ते लिहून ठेवा, कारण कोर्टात द्यायचं तर डिजिटल पुराव्याचं सर्टिफिकेट लागतं, पूर्वी त्यासाठी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाचं कलम ६३. आणि एक कॉपी युनियनकडे किंवा वस्तीतल्या मंडळाकडे देऊन या, हार्ड डिस्कचा खर्च बजेटमधे आधीच धरा, नंतर त्यासाठी पैसे कोणी देत नाही. चला, आता तुम्ही विचारा.