विहीर आणि कोठडीचं दार

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं एक शेत. विहिरीत डोकावलं की तळाशी, पाण्यात फुगून टम्म झालेला एक वॉकर, म्हणजे मरून पुन्हा उठलेला, माणसांना चावणारा मुडदा, दिसतो. ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला, २०११ सालचा हा प्रसंग. गोळी घातली तर पाणी नासेल, म्हणून त्याला अख्खाच वर काढायचं ठरतं. टोळीतल्या ग्लेनला दोराला बांधून खाली सोडतात. फास बसतो, सगळे जोर लावून ओढतात. वॉकर काठाशी येतो आणि मधोमध तुटतो. खालचं धड आतड्यांसकट धप्पकन पुन्हा पाण्यात.

वॉकर ऐनवेळी तुटला, याला मी चूक म्हणणार नाही. चूक त्याआधीची आहे. कुजकं शरीर ज्या दिवशी विहिरीत पडलं, त्याच दिवशी ते पाणी गेलं. आपल्याकडे विहिरीत जनावर मेलं तर गावातलं कुणीही सांगेल, ते काढा, पाणी उपसा, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका आणि तोवर दुसरीकडून पाणी भरा. इथे मात्र नासलेलं पाणी वाचवायला एक धडधाकट माणूस आमिष म्हणून खाली सोडला.

हत्यारांच्या बाबतीत ही माणसं बरीच शहाणी आहेत. त्यांच्यातल्या डॅरिलचा क्रॉसबो आवाज करत नाही, बाण उपसून पुन्हा वापरता येतो. बंदुकीच्या एका बारासरशी आसपासचे सगळे वॉकर गोळा होतात, हेही त्यांना लवकर कळतं. पेट्रोलचं गणित मात्र मला पटत नाही. साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांत खराब व्हायला लागतं आणि यांच्या गाड्या वर्षानुवर्षं धावतात.

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो चौथ्या सीझनमधला तुरुंग, जिथे ही माणसं आता राहतायत.

बाहेर तारेचं दुहेरी कुंपण, पाळीपाळीने पहारा, जाळीतून सळया खुपसून वॉकर मारणं. सगळं चोख. आणि आत? फ्लूने तापलेला एक पोरगा रात्री न्हाणीघरात मरतो, उठतो आणि झोपलेल्यांच्या बराकीत शिरतो. प्रत्येक कोठडीला लोखंडी गजांचं दार आहे. कित्येकांनी तिथे नुसता पडदा सोडलाय.

मेलेला प्रत्येक जण उठतो, चावा लागो न लागो, हे त्यांना दुसऱ्या सीझनच्या शेवटीच समजलेलं आहे. म्हणजे शेजारी झोपलेला माणूसही रात्रीत वॉकर होऊ शकतो. निजताना दार ओढून घ्यायला ना गोळी लागते, ना पेट्रोल. त्या रात्री चाललेला हकनाक संहार मला अजूनही बघवत नाही.

त्यानंतर ते जे करतात, ते मात्र अगदी बरोबर आहे. आजाऱ्यांना वेगळ्या बराकीत हलवतात. एक तुकडी औषधं आणायला पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे निघते. आणि म्हातारा हर्शेल, एक पाय गेलेला, रानातून एल्डरबेरी आणून त्याचा काढा करतो आणि तोंडाला फडकं बांधून आजाऱ्यांमध्ये जातो. कुणी दगावलं की तो ते प्रेत सगळ्यांसमोर भोसकत नाही. गाडीवर घालून आडोशाला नेतो, चेहऱ्यावर चादर ओढतो आणि मग सुरी काढतो. खाटांवर पडलेल्यांनी धीर सोडू नये म्हणून.