इंडिकेशन आणि डिफेक्ट : बायपासआधीचा टूडी इको काय सांगतो

(कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांसमोर (धातूचं ओतकाम करणाऱ्यांसमोर) एका हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टूडी इको, म्हणजे आवाजाच्या लहरींनी हृदयाचं चित्र काढायची तपासणी, करताना मला कोल्हापुरात एकच प्रश्न विचारला जातो : "डॉक्टर, पंपिंग किती हाय?" पेशंट विचारतो, पेशंटचा जावई विचारतो, गावाकडून फोनवर चुलते विचारतात. साठ टक्के म्हटलं की सगळ्यांचे खांदे खाली येतात. पस्तीस म्हटलं की कुणीतरी उठून बाहेर जातं.

पंपिंग म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा दर ठोक्याला त्याच्यातल्या रक्ताचा किती हिस्सा पुढं ढकलतो, तो आकडा. महत्त्वाचा आहेच. पण आज मी बोलणार आहे त्याच्या वरच्या मजल्यावरच्या कप्प्याबद्दल. शाळेच्या पुस्तकात त्याला डावं अलिंद म्हणतात. त्याच्याबद्दल मला आजवर एकाही जावयानं विचारलेलं नाही.

बायपासचं ऑपरेशन छान होतं. पेशंट दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसतो, चहा मागतो. घरची मंडळी देवाला नारळ बोलून मोकळी होतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक धडधड सुरू. मॉनिटरवर ठोके एकशेचाळीस आणि दोन ठोक्यांतलं अंतर दर वेळी वेगळं. नाडीवर बोट ठेवलं तर ताल सापडत नाही, लेझमीत पाय चुकलेल्या पोरासारखं चाललेलं असतं. याला आम्ही एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणतो. वरचा कप्पा आकसायचा थांबून नुसता थरथरतो. त्यात मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विजेचे संदेश गरगरत असतात. बायपास झालेल्या पाचांतल्या एकाला, कुठं कुठं तिनांतल्या एकाला हे होतं. बहुतेकांचा ताल काही दिवसांत परत जागेवर येतो. पण तोवर बीपी पडू शकतं, आयसीयूतला मुक्काम वाढतो, आणि थरथरत्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी झाली तर ती मेंदूकडे जाऊ शकते. त्यामुळं हे कुणाला होणार याचा अंदाज आधी आला तर आम्हाला हवाच असतो.

आता तुमच्या ओळखीचं सांगतो. इकोचा जन्म दवाखान्यात झालेला नाही. स्वीडनमध्ये लुंडला इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. झडप आकसलेल्या पेशंटचं ऑपरेशन करायच्या आधी आत काय आहे ते कळावं, ही त्यांची अडचण. त्यांना हेल्मुट हर्ट्झ हा भौतिकशास्त्रज्ञ भेटला. कंपनांचं एकक ज्यांच्या नावानं आहे त्याच घराण्यातला. जवळच माल्मोला जहाजबांधणीचा कारखाना होता आणि तिथं धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंडचं यंत्र होतं. हर्ट्झनं ते उसनं मिळवून स्वतःच्या छातीला लावून बघितलं. त्याच वर्षी, १९५३ च्या ऑक्टोबरात, दोघांनी हृदयाचे पहिले प्रतिध्वनी टिपले. म्हणजे तुमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला जे यूटीचं, म्हणजे अल्ट्रासाउंडनं धातू तपासायचं, मशीन आहे, त्याचाच माझा इको हा धाकटा भाऊ. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५९०० मीटर जातो, माणसाच्या मांसात १५४०. बाकी धंदा तोच : आवाज पाठवायचा आणि परत काय येतं ते ऐकायचं.

हे मला एका आबांनी शिकवलं, खरं तर. अडुसष्ट वय, आयुष्य फाउंड्रीत यूटी करण्यात गेलेलं. हृदयाच्या तीन रक्तनळ्या तुंबलेल्या, पुढच्या आठवड्यात बायपास. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं आणि छातीवर गार जेल घातलं. आबा म्हणाले, "आम्ही ग्रीस लावायचो. मधी हवा ऱ्हायली की समदं काळं." अगदी बरोबर. कुशीवर वळवतो तेही त्याचसाठी; हृदय बरगड्यांकडे सरकतं आणि फुप्फुसातली हवा मधून बाजूला होते. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्यांची फुप्फुसं फुगलेली असतात, त्यांच्यात चित्र काही केल्या येत नाही.

आबांचं पंपिंग साठ टक्के. मुलगा दारातूनच हसला. मी वरचा कप्पा मोजायला घेतला.

पूर्वी आम्ही हा कप्पा एका रेषेत मोजायचो, पुढून मागं, इतके सेंटिमीटर. त्यात फसगत होते. याच्या पुढं छातीचं हाड, मागं मणका. तिकडं फुगायला जागाच नाही. मग तो वर आणि आडवा वाढतो आणि आपली रेषा म्हणते सगळं ठीक. म्हणून आता आकारमान मोजतात आणि माणसाच्या अंगाच्या हिशेबानं भागतात. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला ३४ मिलिलिटरपर्यंत ठीक. आबांचं ४१ आलं.

हा कप्पा एका रात्रीत वाढत नाही. आबांना वीस वर्षं बीपी, गोळी 'आठवली तर'. जास्त दाबावर काम करून करून खालचा कप्पा जाड आणि ताठ होतो. तो जोर लावून आकसतो, म्हणून पंपिंग साठच दिसतं. पण सैल पडायला मात्र कुरकुरतो. मग वरच्याला रक्त ओतायला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं असं चाललं की तो ताणतो, त्याच्या भिंतीतल्या स्नायूंच्या मधे मधे चट्टे धरतात आणि विजेला सरळ वाट मिळत नाही. एचबीए१सी तीन महिन्यांची साखर सांगते. वरच्या कप्प्याचा आकार मला कैक वर्षांचा दाब सांगतो.

स्क्रीनवर वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधल्या झडपेतून जाणाऱ्या रक्ताचे दोन उंचवटे दिसतात. पहिला ई, आपसूक ओतल्या जाणाऱ्या रक्ताचा. दुसरा ए, वरच्या कप्प्यानं शेवटी दिलेल्या ढकलीचा. त्या ढकलीवर निरोगी माणसाचं पाचव्या हिश्शाच्या आसपास काम चालतं, ताठ हृदयाचं त्याहून बरंच जास्त. एएफ झालं की ए नाहीसाच होतो. म्हणून काहींना एएफ नुसतं धडधडतं, आणि आबांसारख्यांचं बीपी खाली येतं. झडपेची कडी किती वेगानं हलते तेही मोजतो. ई आणि त्या वेगाचं गुणोत्तर चौदाच्या वर गेलं तर आतला दाब वाढलाय असं धरतात. अलीकडे स्ट्रेन नावाचं मोजमाप आलंय. भिंतीतले बारीक ठिपके धरून, कप्पा भरताना किती टक्के ताणला जातो ते संगणक काढतो. निरोगी माणसात ते चाळीसच्या आसपास असतं. आकार वाढायच्या आधीच हे कमी व्हायला लागतं, हीच त्यातली गंमत. फक्त एका कंपनीच्या मशीनचा आकडा दुसऱ्याशी जुळेलच असं नाही, त्यामुळं मी त्यावर एकट्यावर उडी मारत नाही.

आबांना म्हटलं, तुमच्या वरच्या कप्प्यात जरा प्रॉब्लेम दिसतोय. ते उठून बसले. "डॉक्टर, शब्द नीट वापरा. यूटीत आम्ही आधी इंडिकेशन म्हणतो. डिफेक्ट न्हाई म्हणत."

म्हणजे मशीनवर दिसली ती नुसती खूण; तो दोष आहे का, ते नंतर ठरतं. मला याहून नेमकं आजवर कुणी सांगितलेलं नाही. आतली पोकळी असलेलं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, गोडाउनमध्ये दहा वर्षं पडून राहील, काही होणार नाही. लोड आला की बोलतं. बायपास हा लोड : अंगात सूज, अ‍ॅड्रिनलिन वाढलेलं, पोटॅशियम-मॅग्नेशियम वरखाली, हृदयाभोवतीच्या पिशवीत थोडं रक्त साठलेलं. कप्पा वाढलेला असूनही कित्येकांना काही होत नाही. उलट बावन्न वर्षांच्या एकाचा इको आरशासारखा स्वच्छ होता, तरी दुसऱ्या रात्री एएफ. खरं सांगायचं तर एएफचा सगळ्यात मोठा अंदाज पेशंटचं वयच देतं, त्याला मशीन लागत नाही. इको त्यात भर घालतो, एवढंच. पण ती भर फुकटची आहे; ऑपरेशनच्या आधी इको होतोच. सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा 'डावं अलिंद किंचित वाढलेलं' हे रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत टाकायचो आणि ती ओळ कुणी वाचायचं नाही. मीही सांगायला जायचो नाही. आता सर्जनना फोन करतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, रिजेक्ट माल परत भट्टीत टाकता येतो, तुम्ही काय करता? आम्ही लोड कमी करतो. काहींना ऑपरेशनच्या आसपास अमिओडेरोन हे ताल सांभाळणारं औषध देतात. थायरॉइड, फुप्फुसं बघून, सरसकट नाही. सर्जन हृदयाभोवतीच्या पिशवीला मागच्या बाजूनं एक छोटी चीर देऊ शकतात, म्हणजे साठलेलं रक्त डावीकडे वाहून जातं. न्यूयॉर्कमध्ये हृदयाच्या ऑपरेशनच्या ४२० पेशंटवर हे करून बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला : चीर दिलेल्यांत १७ टक्क्यांना एएफ, न दिलेल्यांत ३२. एवढ्या साध्या गोष्टीनं इतका फरक पडावा, याचं मला अजून नवल वाटतं. आणि ज्याचा कप्पा मोठा, त्याचा मॉनिटर काढायची घाई करायची नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय बीटा ब्लॉकरची, म्हणजे ठोके आणि बीपी आवरणारी, चालू गोळी न चुकवणं, आणि नेमका तिथंच घोळ होतो. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी राहायचं म्हणून घरचे सगळ्याच गोळ्या बंद करतात. ही गोळी अचानक थांबली की एएफची शक्यता वाढते. एक घोट पाण्याबरोबर बहुतेकांना ती घेता येते. कुठली घ्यायची, कुठली नाही, ते आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यायचं.

आबांना तिसऱ्या दिवशी दुपारी एएफ झालंच. मॉनिटर अंगावरच होता, दहा मिनिटांत औषध सुरू झालं, पहाटे ताल परत आला. सकाळी राउंडला गेलो तर उशाशी गोळ्यांची पिशवी. मेटोप्रोलॉलच्या, म्हणजे त्याच बीटा ब्लॉकरच्या, स्ट्रिपवर पिवळ्या मार्करनं मोठा गोल काढलेला, कास्टिंगवर काढतात तसा.