पद्मिनीच्या दाराचे सहा स्क्रू, आणि त्यातला सहावा

नमस्कार मंडळी. आज गाडी दाखवत नाही, फक्त खांब दाखवतो. या, जवळ या. हा पुढच्या दाराच्या मागचा खांब आणि त्यावर ही लोखंडी पट्टी. हिला स्ट्रायकर म्हणतात, दार लावलं की कुलूप हिच्यात अडकतं. तिला तीन स्टार स्क्रू, पलीकडच्या दारालाही तीन. सहापैकी पाच एका दुपारी निघाले. सहाव्याने नऊ दिवस घेतले, आणि त्यातले निदान सात माझ्या घाईमुळे गेले.

गाडी काकांची, १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. जन्म कुर्ल्याचा, मूळ अंग फियाट ११०० चं, आणि पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. मुंबईत काळी-पिवळी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तोही विषय संपला. तेव्हापासून तुमचे मेसेज वाढलेत: "दादा, घरी एक पडून आहे, उभी करायची आहे, पण पहिलाच स्क्रू हलत नाही." ही आमची अकरा वर्षं देवगडला शेडमध्ये होती. समुद्राची गाज ऐकू येते तिथे, म्हणजे स्क्रूंचं काय झालं असेल ते समजा.

आता हा स्क्रू बघा. डोकं किती स्वच्छ आहे! मी फसलो तो इथेच. वाटलं, गंज नाहीच आहे, फक्त घट्ट बसलाय. पण आपल्याला दिसतं ते डोकं, आणि डोक्यावर रंगाचे तीन थर. स्क्रूची शेपटी खांबाच्या आत, पोकळीत, उघडी. दाराच्या रबरातून झिरपलेलं पाणी, खारी हवा, सगळं तिथे. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. म्हणजे शेपटी आतल्या आत फुगते. आणि स्क्रू उलटा फिरवताना ही फुगलेली शेपटी आपण चांगल्या आट्यांतून ओढत असतो. म्हणून स्क्रू अर्धा फेरा फिरतो, आपण खूश होतो, आणि मग तो असा काही अडकतो की विचारू नका.

मग पहिलं काम कुठलं? आतून तेल. आतला पुठ्ठा काढा, खांबात कुठे भोक सापडतंय ते बघा, आणि पिचकारीला बारीक नळी लावून शेपटीवर तेल सोडा. डोक्यावर फवारा मारून ते आत उतरेल असं वाटतं, पण रंगाचा थर बुचासारखा बसलेला असतो. डब्ल्यूडी-४० सगळ्यांकडे असतं, ते वाईट नाही, पण ते बनलं होतं पाणी हटवायला, नावातच आहे ते. जाम स्क्रूला झिरपणारं तेल म्हणून जे मिळतं ते घ्या. नाहीतर गॅरेजवाल्यांचा जुगाड: ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. दोघं नीट मिसळत नाहीत, दर वेळी बाटली हलवायची. रंगावर सांडलं तर रंग गेला. आणि भडका उडतो, त्यामुळे हे लावलेल्या जागी त्या दिवशी ज्योत न्यायची नाही. ब्रेक क्लीनर तर गरम करायच्या जागी अजिबात नको, काही क्लीनरमध्ये क्लोरीनवाली द्रव्यं असतात आणि ज्योतीत त्यांचा विषारी वायू होतो.

तेल लावलं, आता जेवून या. खरंच. रात्रभर ठेवलं तर आणखी चांगलं. अधूनमधून हातोडीने डोक्यावर टकटक, ठोकायचं नाही, दारावर पाहुणा टकटक करतो तेवढंच. त्या हादऱ्याने गंजाला चिरा पडतात आणि तेल आत शिरतं.

दुसरं काम, खाच साफ करणं. हे बघा, मी टोकदार सुई घेतलीय आणि स्टारच्या चारही कोपऱ्यांतला रंग खरवडतोय. कंटाळवाणं आहे, दोन मिनिटं लागतात, पण हे केलं नाही तर स्क्रू ड्रायव्हर अर्धाच बसतो आणि पहिल्याच झटक्याला खाच गोल होते. टोकावर थोडी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, तिच्यातली वाळू दातासारखी पकडते.

आणि आता हा माझा लाडका, इम्पॅक्ट ड्रायव्हर. बॅटरीवाला नाही हं, हातोडीने मारायचा, बाजारात अगदी साधा मिळतो. मागून हातोडी बसली की टोक खाचेत घुसतं आणि त्याच क्षणी थोडं वळतं. साध्या ड्रायव्हरने जोर लावला की टोक बाहेर सरकू बघतं, इथे ते आत दाबलं जातं. सगळी गंमत त्यात आहे. पण पहिला फटका घट्ट करायच्या दिशेने! हो, उलटं नाही सांगत. घट्ट करताना शेपटी अजून पुढे जाते, मोकळ्या जागेत, म्हणजे सुटायचा पहिला कडाका तिथे सोपा. कडक आवाज आला, केसाएवढा हलला, की मग दिशा बदला. पाव फेरा मागे, थोडा पुढे, तेल, परत मागे. पाच स्क्रू असे निघाले.

सहाव्याला मी हे काहीच केलं नाही. संध्याकाळ झाली होती, पाच निघाल्याची हवा डोक्यात गेली होती. बॅटरीचा ड्रिल लावला, उलटी दिशा, आणि दाबलं बटण. घर्र... खाच साफ गोल. चार कोपरे होते तिथे वाटी झाली. काकांनी खुर्चीतून फक्त एवढंच म्हटलं, "झालं?"

मग काय करायचं? पहिले सहा दिवस मी एकामागून एक चूक केली. छिन्नीने कडेला नवी खाच पाडून फिरवायला गेलो, डोक्याचा एक तुकडाच उडाला. मग ड्रिल मारून इझी-आऊट घातला. इझी-आऊट म्हणजे उलट्या आट्यांचा पाचर, भोकात घालून फिरवायचा. कागदावर छान वाटतं. पण तो असतो कडक स्टीलचा, वाकत नाही, तुटतो. आणि तुटला की साध्या ड्रिलने कापलाही जात नाही. माझा तुटला नाही, मी वेळेवर थांबलो, ते नशीब. बारीक स्क्रूला इझी-आऊट लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

सातव्या दिवशी शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने एकदा बघितलं, स्क्रूच्या उरलेल्या डोक्यावर नट ठेवला, आतून वेल्डिंगचा थेंब भरला. पुढचं लक्षात ठेवा: लगेच फिरवायचं नाही. लाल उतरून काळा होऊ द्यायचा, मग तेल किंवा मेणबत्तीचं मेण टेकवायचं. गरम जागी मेण वितळून आत ओढलं जातं. तापल्याने स्क्रू फुगतो, थंड होताना आखडतो, त्या आत-बाहेरमध्ये गंज फुटतो. नटाला पाना लावला, थोडं पुढे, थोडं मागे. पहिला नट उखडला. दुसरा धरला, पण जेमतेम अर्धा फेरा. परत तेल, परत वाट. म्हणून नऊ दिवस. अर्थात पेट्रोलची टाकी, पुठ्ठा, वायर, रबर हे सगळं आधी दूर. ओलं फडकं आणि पाण्याची बादली जवळ.

या नट-वेल्डिंगची खरी कमाल दिसते ती इंजिनवर. पद्मिनीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनचं मुख्य धड, ओतीव लोखंडाचा आणि हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. हेडमध्ये स्टड, म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, तुटला की भीती वाटते, पण वेल्डिंगचा थेंब स्टडला धरतो, ॲल्युमिनियमला नाही. तिथे गंजही वेगळा, पांढरी भुकटी, तेलाला फारशी दाद न देणारी. पण ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून हेड गरम केलं की भोक सैल होतं. स्क्रूभोवतीचं तापवायचं, स्क्रू नाही.

जाता जाता, जुन्या गाड्यांचे पाने एकमेकांत फिरवू नका. पद्मिनी इटालियन वंशाची, मिलिमीटरची. अँबॅसिडर ब्रिटिश वंशाची, इंचाची. अर्ध्या इंचाच्या नटावर १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल. तेवढ्यात कोपरे जातात.

खाली कोणीतरी विचारणारच, मग आता स्टेनलेसचे लावू का? खांबाला लावा हवं तर, पण ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस म्हणजे ओलाव्यात ॲल्युमिनियमच खाल्लं जाणार. मी साधे, जस्ताचा मुलामा असलेले लावतो, आट्यांवर थोडं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं, ग्रीस. आधी भोकातून टॅप, म्हणजे भोकातले आटे साफ करायचं हत्यार, फिरवायचा, हाताने, तेल घालून, दोन फेरे पुढे की अर्धा मागे.

आणि हा घ्या, सहावा. कॅमेरा इथे आण रे. बघा, डोक्याकडचे आटे अजून चमकतायत, कुर्ल्याचा मुलामा आहे तो. आणि ही शेपटी, शेवटचे चार आटे, काजूच्या बोंडासारखी फुगलेली. हिच्यामुळे नऊ दिवस. काकांनी तो उचलला, चष्मा वर करून बघितला आणि खिशात टाकला. आता बोनेटच्या बिजागऱ्या. तिथे आठ आहेत.